मुक्या गाडीची हजेरी

कमरुन्निसाबद्दल लिहायचं म्हणजे आधी माझ्या शहाणपणाबद्दल लिहावं लागणार, आणि तो विषय मोठा आहे. मी दैवशाला, जिल्हा परिषदेच्या शाळेतली निवृत्त मुख्याध्यापिका. जाफराबादेत मला सगळे ‘मॅडम’ म्हणतात. भाजीवाली म्हणते, पोस्टमन म्हणतो, आणि माझे यजमान धर्मराज, जे एसटीत बत्तीस वर्षं कंडक्टर होते, तेही चिडले की म्हणतात. पस्तीस वर्षं मी मुलांना विज्ञान शिकवलं. विजेचा पाठ तर तीस वेळा तरी शिकवला असेल. बॅटरी, बटण आणि बल्ब यांची आकृती मी फळ्यावर अशी सुबक काढायचे की तपासणीला आलेले साहेब मान डोलवायचे. खरी बॅटरी मात्र मी जन्मात हातात धरलेली नव्हती. टॉर्चमधले सेल संपले तरी मी यांना हाक मारायचे.

दोन वर्षांपूर्वी आमच्या भारतने पुण्यात नवी गाडी घेतली आणि स्वतःची जुनी आम्हाला आणून दिली. हायब्रीड गाडी, पेट्रोलवरही चालणारी आणि विजेवरही. त्याने मला अंगणात उभं करून सगळं समजावलं. “आई, हिला दोन बॅटऱ्या आहेत. मोठी आहे ती गाडी ओढते. तिच्या नारंगी वायरी कुठं दिसल्या तर हात लावायचा नाही, तिथं जिवाला धोका आहे. आणि ही डिकीतली छोटी. ही गाडी ओढत नाही, फक्त तिला जागं करते. कुलूप, काचा, आतला कॉम्प्युटर, सगळं हिच्यावर. ही झोपली की मोठी कितीही भरलेली असो, उपयोग नाही.” मग त्याने ब्रेकवर पाय ठेवून बटण दाबायला शिकवलं. मी वहीत लिहून घेतलं, खाली तारीख टाकली.

गाडी चालवायला मी एकोणसाठाव्या वर्षी शिकले. लायसन्स दुसऱ्या खेपेला मिळालं. पहिल्या खेपेला मी परीक्षा घेणाऱ्या साहेबांनाच रांगेत नीट उभं राहायला सांगितलं होतं. आता पंधरा दिवसांतून एकदा मी भोकरदनला बहिणीकडे जाऊन येते. जाताना धर्मराज शेजारी बसतात आणि प्रत्येक फाट्यावर, न विचारता, फाट्याचं नाव सांगतात. बाकीचे दिवस गाडी अंगणातल्या पत्र्याच्या शेडखाली उभी असते.

गाडीचा एकच गुण मला फार आवडायचा, ती बोलत नाही. बटण दाबलं तरी घरघर नाही, थरथर नाही. चालू आहे की बंद आहे, बाहेरच्याला पत्ता लागत नाही. माझ्या शाळेत असा एकही वर्ग मला कधी मिळाला नव्हता.

गेल्या वर्षी एका सकाळी रिमोट दाबला तर गाडीचं कुलूपच उघडेना. धर्मराजांनी गल्लीतली चार माणसं गोळा केली. एसटीतल्या माणसाला बंद गाडीवर एकच इलाज ठाऊक असतो, धक्का. चौघांनी पदर खोचल्यासारख्या लुंग्या खोचल्या, ‘हुप्प’ केलं, आणि गाडी तसूभर हलली नाही. मग कोणीतरी म्हणालं, सलीमच्या दुकानातल्या बाईला बोलवा.

ती कमरुन्निसा. वय चाळिशीच्या आसपास, अंगात निळा डगला, ओढणी डोक्याभोवती घट्ट बांधलेली, हातात रबरी मुठीचे पाने. स्टँडकडून येणाऱ्या रस्त्यावर तिचं बॅटरीचं दुकान आहे. पाटीवर अजून ‘सलीम बॅटरी’ असंच आहे. सलीम तिचा नवरा. त्याला अर्धांगवायू झाला तेव्हा उजवी बाजू गेली, पण जीभ शाबूत राहिली. दोन वर्षं तो दुकानातच खाटेवर पडून सांगायचा आणि ही करायची. तो एक गोष्ट एकदाच सांगायचा म्हणे. दोनदा सांगितलं तर शिकणाऱ्याचा कान आळशी होतो, असं त्याचं मत. सलीम जाऊन आता चार वर्षं झाली. लोकांना वाटलं दुकान बंद होईल. ते झालं नाही. ट्रॅक्टरवाले यायचे, दारात ट्रॅक्टर थांबवून वरूनच विचारायचे, “दुकानात कोणी माणूस न्हाई का?” ही म्हणायची, “मी हाय ना.” काही उतरायचे, काही तसेच पुढे जायचे.

हे सगळं मला नंतर कळलं. त्या सकाळी मी तिला पाहिलं आणि लगेच ओळखलं. म्हणजे मला तसं वाटलं. जाफराबादेत पन्नाशीच्या आतलं कोणीही दिसलं की तो माझा विद्यार्थी असणार हे मी धरूनच चालते.

“अगं, तू तर माझ्या वर्गात होतीस! खिडकीजवळ बसायचीस. गणितात कच्ची होतीस जरा.”

“न्हाई मॅडम,” ती नम्रपणे म्हणाली, “मी भोकरदनची. लगीन होऊन इथं आले. सातवीपर्यंत शिकले, पर उर्दू शाळेत.”

धर्मराज तोंड फिरवून खोकले. मी मागे हटणाऱ्यांतली नव्हे. त्यानंतरही गावात तिची ओळख करून देताना मी ‘माझ्या विद्यार्थिनीसारखीच’ असं म्हणत राहिले. ‘सारखीच’ हा शब्द मी जरा हळू म्हणायचे.

तिने माझ्या हातातला रिमोट घेतला, एक बारीक कळ सरकवली आणि त्यातून लोखंडी किल्ली बाहेर काढली. वर्षभर मी तो रिमोट पर्समध्ये घेऊन फिरत होते. त्याच्या पोटात किल्ली आहे हे मला माहीत नव्हतं. तिने दार उघडलं. बॅटरी डिकीत, आणि डिकी उघडायला बॅटरी लागते, हा तिढा तिने कसा सोडवला ते मी डोळ्यांनी पाहिलं. बॉनेट उघडलं. आत एका डब्याच्या झाकणाखाली लाल टोपी असलेलं लहानसं टोक होतं. सोबत आणलेल्या बॅटरीची लाल क्लिप त्याला लावली, काळी इंजिनच्या उघड्या लोखंडाला. डिकी टक करून उघडली. बघणाऱ्या चौघांपैकी एकाने तर टाळी वाजवली.

“आता ही किल्ली कोणीतरी आत घरात नेऊन ठेवा,” ती म्हणाली. “जवळ असली की गाडी झोपत न्हाई. अन् गाडी झोपल्याबिगर मी हात लावत न्हाई.”

गाडी झोपेपर्यंत दहा मिनिटं आम्ही सगळे उभे होतो. तेवढ्यात तिने हातातल्या बांगड्या काढून डगल्याच्या खिशात टाकल्या, डिकीच्या कुलपाच्या दातात सुतळीचा तुकडा अडकवून ठेवला, म्हणजे बॅटरी बाहेर असताना कोणी चुकून डिकी लावली तरी ती बंद होऊ नये. मग काळी वायर आधी काढली, लाल नंतर. बॅटरीतून एक बारीक नळी गाडीबाहेर जात होती, ती हळूच सोडवली. नवी बॅटरी ठेवून पट्टी आवळली, नळी परत लावली, आणि या वेळी लाल आधी, काळी शेवटी.

“ह्या नळीला इसरायचं न्हाई,” ती म्हणाली. “बॅटरी माणसं बसतेत त्यांच्या मागंच हाय. वास बाहेर गेला पायजे.”

हे तिने मला सांगितलं की स्वतःला, कळलं नाही. तिच्या तोंडून सलीम बोलत असावा असं मला वाटून गेलं. मग तिने गाडी चालू केली, मीटरच्या तारा बॅटरीला लावून आकडा पाहिला, मान हलवली आणि मला शेवटची सूचना दिली. “गाडी उभीच ऱ्हाती तुमची. आठ दिवसांतून एकदा तरी अर्धा तास चालू करून ठेवत जा. छोटी बॅटरी भरती मंग. अन् किल्ली गाडीपासून लांब ठेवा.”

ती आठ दिवसांतून एकदा म्हणाली. मी मुख्याध्यापिका. मी रोज म्हणजे रोज करायचं ठरवलं.

त्यासाठी मी एक नवी वही घेतली, रकाने आखले. तारीख, चालू केल्याची वेळ, बंद केल्याची वेळ, शेरा. शेऱ्यात मी ‘समाधानकारक’ लिहायचे. सकाळी सात वाजता चहाचा कप आणि पेपर घेऊन मी ड्रायव्हरच्या सीटवर बसायचे. सीट ऐसपैस आहे. गाडी कुठे न्यायची नाही, मग पाय लोंबकळत कशाला ठेवायचे, म्हणून मी छान मांडी घालायचे. बटण दोनदा दाबायचे. समोरचे सगळे दिवे लागायचे, पंखा सुरू व्हायचा, मी भजनं लावायचे. गाडी नेहमीसारखीच मुकी. बरोबर अर्ध्या तासाने बटण दाबून बंद करायचे. साडेसातला धर्मराज अंगणात आले की विचारायचे, “झाली का शाळा?”

“झाली. आज गैरहजर कोणी नाही.”

“विद्यार्थी एकच हाय तुमचा.”

दोन महिने एकही खाडा झाला नाही. तापात होते तेव्हासुद्धा मी शाल पांघरून गाडीत जाऊन बसले होते. आणि दोन महिन्यांनी एका सकाळी गाडी पुन्हा मेलेली.

माझा संताप झाला. शिस्तीत वागणाऱ्या माणसाचा संताप वाईट असतो, कारण त्याच्याकडे पुरावा असतो. मी वही काखेत मारली आणि तडक कमरुन्निसाच्या दुकानावर गेले. आठवडी बाजाराचा दिवस होता. दुकानासमोर कापसाच्या पोत्यांची जीप उभी होती, बैलबाजारातून परतणारी माणसं होती. मी मैदानावर कवायत घेताना वापरायचे तो आवाज वापरला. “साठ दिवस! साठ दिवसांची नोंद आहे माझ्याकडे! तू सांगितलंस त्याहून आठपट केलं मी! आणि तुझी बॅटरी दोन महिन्यांत खलास! असला माल विकतेस तू लोकांना?”

कमरुन्निसाने हातातला पाना खाली ठेवला. तिचा चेहरा उतरलेला मला दिसला. तरी मी थांबले नाही, उलट मला जोर चढला. ती एवढंच म्हणाली, “मॅडम, मी येऊन बघते. दुसरी बॅटरी लावून देते.” ती आली, तपासलं, गाडी चालू करून मीटर पाहिला, कुठे काही सापडेना. नवी बॅटरी लावली. जाताना विचारलं, “रोज चालू करता ना मॅडम?” मी वही तिच्या नाकापुढे धरली. तिने पानं उलटली, माझं अक्षर बघितलं आणि मान खाली घालून गेली.

एवढ्यावर थांबले असते तरी बरं झालं असतं. मी त्या संध्याकाळी आमच्या गावाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर पूर्ण हकिकत टाकली. परिच्छेद पाडून, विरामचिन्हांसह. शेवटी ‘ग्राहकांनी सावध राहावे’ असं लिहिलं आणि खाली पूर्ण नाव, हुद्दा, निवृत्त. बेचाळीस जणांनी अंगठे दाखवले. मला फार बरं वाटलं. निवृत्तीनंतर इतक्या लोकांनी एकदम माझं काही ऐकलं नव्हतं.

महिनाभराने तीही बॅटरी गेली. आता मात्र मी बॅटरीच्या कंपनीलाच तीन पानी तक्रार धाडली, वहीच्या पानांच्या झेरॉक्स जोडल्या. जालन्याहून कंपनीचा माणूस येणार असं कळलं. कमरुन्निसा आदल्या दिवशी घरी आली, पायरीवरच बसली, आत ये म्हटलं तरी आली नाही.

“मॅडम, उद्या साहेब येऊन राह्यलेत. एकाच दुकानातून तीन महिन्यांत दोन बॅटऱ्या परत गेल्या म्हणून. माझ्या बसवण्यात चूक निघाली तर कंपनी माझी एजन्सी काढणार.” ती ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत होती. “ती सलीमच्या नावानं होती. माझ्या नावावर करायला त्यांनी दोन वरीस लावले. बाई कसं करंल म्हणत होते.”

मी म्हणाले, “चूक नसेल तर घाबरायचं काय कारण?” हे वाक्य मी शाळेत हजार वेळा म्हटलेलं आहे, आणि ज्याला म्हटलं तो प्रत्येक वेळी घाबरलेलाच होता.

ती गेल्यावर धर्मराज पेपराआडून म्हणाले, “महिनाभर तिच्या दुकानासमोर एकबी ट्रॅक्टर उभा दिसला न्हाई मला. तुम्ही ग्रुपवर लिहिलं ना, तवापासून.”

“मी खरं तेच लिहिलं.”

“मी कुठं खोटं म्हणलो?” असं म्हणून ते पुन्हा पेपरात गेले. त्या दिवशी मला जेवण गोड लागलं नाही, पण त्याचं कारण मी वरणात मीठ जास्त पडलं असं ठरवलं.

दुसऱ्या दिवशी दहा वाजता कंपनीचे राधेश्याम साहेब आले. पांढरा शर्ट, खिशाला तीन पेनं, हातात छापील फॉर्मचं पॅड. गल्लीतली धक्का मारणारी चौघं न बोलावता हजर होती. कमरुन्निसाने दुकानातून पूर्ण भरलेली बॅटरी आणली आणि त्यांच्यासमोर बसवली. तेच सगळं, गाडी झोपू देणं, बांगड्या खिशात, सुतळी, काळी आधी, लाल नंतर, नळी. साहेबांनी प्रत्येक नट स्वतः हलवून पाहिला. सैल नव्हता. तिने किल्ली मागवून गाडी चालू केली, मीटरवर चौदाच्या वर आकडा आला, मग बंद केली.

“गाडी बरोबर भरते आहे,” साहेब म्हणाले. “बॅटरीही आम्ही तपासली, आत दोष नाही, फक्त पार रिकामी झालेली होती. म्हणजे राहिलं बसवणं.” मग जरा हसून म्हणाले, “बाईमाणसाच्या हाताला आवळायला जोर कमी पडतो. आज समोर आहे म्हणून नीट आवळलं असेल.” आणि फॉर्मवर लिहायला त्यांनी एक पेन काढलं.

कमरुन्निसा त्यांच्याकडे नाही, माझ्याकडे बघत होती. “साहेब, एक मिनिट. मॅडम, तुम्ही रोज कसं करता ते एकदा करून दाखवता का?”

मला तर हेच हवं होतं. मी आतून वही आणली, तिच्याकडून किल्ली घेतली, चहाचा कप राहिला एवढंच. सीटवर बसले, मांडी घातली, पदर सारखा केला, घड्याळ पाहून वेळ लिहिली आणि बटण दाबलं, मग पुन्हा एकदा. दिवे लागले, पंखा फिरला, भजन सुरू झालं. मी खिडकीतून सगळ्यांकडे पाहिलं. आदर्श पाठ देताना बघावं तसं.

मागून साहेबांचा आवाज आला, “अहो, मीटर बारावर आला. बारा पूर्णांक तीन. दोन. उतरतोय.”

कमरुन्निसा डिकीपासून चालत पुढे आली. माझ्या उघड्या दाराशी उभी राहिली. तिने समोरचे दिवे पाहिले नाहीत, आकडे पाहिले नाहीत, तिने माझे पाय पाहिले. मांडी घातलेले, ब्रेकपासून वीतभर वर. मग डोळे मिटून तिने एक लांब श्वास सोडला. त्या श्वासात काय होतं ते मला तेव्हा कळलं नाही, आता रोज आठवतं.

“मॅडम,” ती अगदी हळू म्हणाली, फक्त मला ऐकू जाईल असं, “जरा पाय खाली घेता? ब्रेक दाबून धरा अन् मंग बटण दाबा.”

मी दाबलं. समोर हिरव्या अक्षरांत ‘रेडी’ असं उमटलं. भोकरदनला जाताना ते दर वेळी उमटायचं, आणि रोज सकाळी ती जागा रिकामी असायची, आणि मी तीन महिने त्या रिकाम्या जागेसमोर पेपर वाचत बसले होते. मागून साहेब ओरडले, “चौदा! चौदा पूर्णांक दोन!”

म्हणजे मी रोज सकाळी गाडी चालू करतच नव्हते. नुसते दिवे लावत होते. पंखा, भजनं, सगळं त्या बिचाऱ्या छोट्या बॅटरीच्या जिवावर. गाडी मुकी असल्यामुळे चालू आणि बंद यातला फरक मला कळला नाही, आणि मी जितकी शिस्तीत वागले तितकी बॅटरी मेली. आठ दिवसांतून एकदा केलं असतं तर निदान सावकाश मेली असती. साठ दिवस, मग तीस दिवस, प्रत्येक ओळीपुढे माझ्या अक्षरात ‘समाधानकारक’. गल्लीतल्या एकाने दुसऱ्याला विचारलं, “काय झालं?” आणि धर्मराजांनी, ज्यांना सगळं कळलं होतं, त्याला कोपराने ढोसून गप्प केलं. लग्नाला अडतीस वर्षं झाली. इतकी माया मला त्या कोपरात कधी दिसली नव्हती.

साहेब पुढे आले. “काय प्रकार आहे? मॅडम ब्रेक दाबत नव्हत्या का?”

मी तोंड उघडलं. त्याआधी कमरुन्निसा बोलली.

“माझी चूक हाय साहेब. मी मॅडमला ‘चालू करा’ म्हणले, ब्रेक दाबायचा ते सांगितलं न्हाई. बराबर सांगायला पायजे होतं. मॅडमची चूक न्हाई.”

आणि आता मी जे लिहिणार आहे ते लिहायला मला लाज वाटते. मी गप्प बसले. मला सुटल्यासारखं वाटलं. दोन क्षण, तीन क्षण, मी मनात म्हणालेसुद्धा, खरंच की, तिने ब्रेकचं कुठे सांगितलं होतं? भारतने सांगितलं होतं, तारखेसह माझ्या वहीत लिहिलेलं होतं, तरीही. साहेबांचं पेन फॉर्मवर सरसर चाललं होतं. ‘विक्रेत्याने ग्राहकास पूर्ण सूचना दिल्या नाहीत.’ त्या एका ओळीने काय होणार ते मला ठाऊक होतं, तिलाही ठाऊक होतं. तिने बांगड्या परत हातात चढवायला सुरुवात केली, एकेक, माझ्याकडे न बघता.

“मॅडम, इथं सही,” साहेबांनी पॅड खिडकीतून आत दिलं.

मी ते वाचलं. दोनदा वाचलं. एकदाच वाचून कळण्यासारखं होतं.

“हे चुकीचं आहे,” मी म्हणाले. “खोडा.”

“फॉर्मवर खाडाखोड चालत नाही, मॅडम.”

“चालते. खोडलेल्या ओळीशेजारी सही करावी लागते. पस्तीस वर्षं मी तेच केलं आहे.” मी गाडीतून उतरले, पॅड बॉनेटवर ठेवलं, त्यांच्याच खिशातलं दुसरं पेन काढून घेतलं. ओळ खोडली, शेजारी सही केली. मग खाली रिकाम्या जागेत लिहिलं. माझं अक्षर त्या दिवशी वाकडं आलं, फळ्यावर कधी आलं नाही इतकं. ‘गाडी चालू करण्याची रीत माझ्या मुलाने मला शिकवली होती व ती माझ्या वहीत लिहिलेली होती. मी ती पाळली नाही. बॅटरीत दोष नाही. ती बसवण्यात दोष नाही. श्रीमती कमरुन्निसा यांना त्यांचं काम उत्तम येतं. ते मी माझ्या डोळ्यांनी तीनदा पाहिलं आहे. दोष सर्वस्वी माझा.’ खाली पूर्ण नाव, हुद्दा, निवृत्त.

मग ते सगळ्यांना मोठ्याने वाचून दाखवलं. वाचून दाखवायचं काही कारण नव्हतं, पण ग्रुपवर मी जेवढ्या लोकांसमोर बोलले होते त्यातले निदान चार तरी समोर होते. संध्याकाळी ग्रुपवरही टाकणार होते. तो कवायतीचा आवाज त्या दिवशी मला काही सापडला नाही.

साहेब थोडे गोंधळले, पण त्यांनी फॉर्म घडी करून ठेवला आणि म्हणाले, “मग आमच्या बाजूने विषय संपला. एजन्सीचा काही प्रश्न नाही.” धर्मराजांनी त्यांना चहाला आत नेलं. गल्लीतले चौघेही चहाला गेले, कारण चहा होता.

अंगणात मी आणि कमरुन्निसा उरलो. ती डिकीच्या कडेवर बसली होती. तिने ओढणी तोंडाला लावली होती आणि तिचे खांदे हलत होते. मी जवळ गेले. माफ कर म्हणाले. मुलांकडून मी ते शब्द रोज वदवून घ्यायचे, स्वतः म्हणायची सवय नव्हती, म्हणून फार मोठ्याने निघाले.

“त्यासाठी न्हाई रडत मॅडम,” ती डोळे पुसत म्हणाली. “सलीम गेल्यापासून मी काम करून राह्यले. लोक बॅटरी नेतेत, पैसे देतेत, पर ह्या बाईला काम येतं असं कागदावर कोणी लिहून दिलं न्हाई कधी. त्याची एक झेरॉक्स मला मिळंल का? दुकानात लावीन.”

“अगं, लगेच काढू. पण त्यावर शिक्का नाही. शिक्का शाळेत राहिला, आता माझ्या नुसत्या सहीला काय किंमत?”

कमरुन्निसाने मान वर केली. तिच्या आवाजात राग नव्हता, टोमणा तर मुळीच नव्हता. बॅटरीचा आकडा सांगावा तितक्या सरळ ती म्हणाली, “शिक्का कशाला? तुमची सही सगळं गाव वळखतं मॅडम. म्हणून तर महिनाभर माझ्या दुकानात कोणी आलं न्हाई.”